चिमणी बघून लावलेला भात

भात कधी लावायचा, हे मी आयुष्यभर चिमणी बघून ठरवलं. चिमणी म्हणजे पॉवर हाउसची, आभाळात घुसलेली, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. लग्न होऊन विदर्भातल्या थर्मलच्या कॉलनीत गेले, तेव्हा शेजारच्या वहिनींनी मला मागच्या अंगणात नेलं आणि हात वर करून दाखवलं. म्हणाल्या, "हे बघ, धूर चालू असला की आपला माणूस पाळी संपवून वेळेवर घरी येतो. धूर थांबला की युनिट गेलं समजायचं. मग तांदूळ धुऊन ठेवायचे, पण कुकर चढवायचा नाही. ते कधी येतील त्याचा नेम नसतो. भात गार होतो आणि वर आपल्यालाच ऐकून घ्यावं लागतं."

युनिट जाणं म्हणजे आतलं सगळं अचानक बंद पडणं. तसं झालं की ज्यांची पाळी असेल ते आत अडकायचे आणि ज्यांची नसेल त्यांनाही बोलावणं यायचं. मला आतलं काही कळत नव्हतं, माझी शाळा सातवीपर्यंतची. पण आवाज कळायचा. आधी वाफ सुटायची, अशी की फळीवरचे पेले थरथरायचे. मग एकदम शांत. त्या शांततेत सगळ्या लाइनीतल्या बायका दारात यायच्या.

"तुमचे आत आहेत का हो?"

"आत्ताच तर गेले डबा घेऊन. तुमचे?"

"आमचे झोपले होते बाई, आता येईलच जीप न्यायला."

आणि घराघरातले गॅस बंद व्हायचे. मुलांना सकाळची पोळी आणि गूळ देऊन झोपवायचं, आपण दारात बसायचं. पुन्हा धूर दिसला की कुणीतरी ओरडायचं, "आला गं, धूर आला!" मग सगळ्या लाइनीतून कुकरच्या शिट्ट्या. आमच्या ह्यांना भात गरमच लागायचा. घरात पाऊल टाकलं की बूट झटकत पहिलं वाक्य ठरलेलं, "झाला का भात?" बॉयलरजवळ उभं राहून आलेला माणूस, अंगाला हात लावला तर ताप असल्यासारखा, पण भात मात्र वाफेचा हवा.

ह्यांच्या तीन ठिकाणी बदल्या झाल्या. तिन्हीकडे तेच. क्वार्टरचा नंबर वेगळा, चिमणी तीच. पांढरे कपडे वाळत घालण्याआधी वारा कुठला आहे ते बघायचं, कारण राखेच्या बाजूने वारा आला तर सकाळी धुतलेलं धोतर संध्याकाळी पुन्हा धुवायचं. तुळशीची पानं पुसायची. मी कधी कंटाळले म्हटलं नाही. कुणी विचारलंच नाही, तर म्हणणार कुणाला?

हे निवृत्त झाले आणि थोड्या वर्षांनी झोपेतच गेले. मग मुलाने मला इकडे आणलं, आयर्लंडला. विमानात मी मनाशी म्हणत होते, चला, कोळशातून सुटले. आणि त्याच्या घरी पोचले, स्वयंपाकघरात गेले, खिडकीचा पडदा सारला तर समोर शेतं, शेतात गाई, गाईंच्या पलीकडे पाणी आणि पाण्याच्या काठाला दोन चिमण्या! मी तशीच उभी राहिले. मुलगा मागून म्हणाला, "कसा आहे व्ह्यू?" मला हसावं का रडावं कळेना. पोरगा बापाच्याच वाटेने गेलेला, बॉयलरचाच इंजिनियर, हे मला माहीत होतं. पण चिमणी स्वयंपाकघरातून दिसेल असं कुणी सांगितलं नव्हतं.

हे पश्चिमेच्या किनाऱ्यावरचं पॉवर हाउस, नदी समुद्राला मिळते तिथे बांधलेलं. आमच्याकडे कोळसा मालगाडीने यायचा, इथे जहाजाने. काठावर काळा डोंगर रचलेला असायचा, आणि पाऊस तर इथे रोजचाच, त्यामुळे तो डोंगर कायम ओला, चमकणारा. मराठी माणसं ह्या बाजूला फार नाहीत. मुलाचे मित्र सगळे ल्यूकनला, डब्लिनजवळ, कॉम्प्युटरवाले. गणपतीला त्यांच्याकडे गेलो की ते त्याला विचारायचे, "तू अजून कोळशातच का रे?" तो हसायचा. सुनेचं ऑफिस म्हणजे औषधांच्या कारखान्यातली लॅब, गाडीने तासभर लांब. नात इथेच जन्मली. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींचं बरं चाललंय.

आणि माझी सवय काही सुटली नाही. इथे ज्वारीचं पीठ डब्लिनहून आणायचं, तांदूळ मोठ्या पोत्याने, सगळं बदललं, पण संध्याकाळी तांदूळ धुतले की नजर खिडकीबाहेर. मुलगा म्हणायचा, "आई, इथे तसं नसतं. युनिट गेलं तरी माझी वेळ झाली की मी निघतो." म्हणायचा खरं. पण धूर थांबला की त्याचा फोन यायचाच, उशीर होईल म्हणून. दोन-चारदा माझा अंदाज फोनच्या आधी निघाला, तेव्हा सून म्हणाली, "आईंना कंट्रोल रूममध्येच बसवा. घरी कशाला ठेवता?"

मग सुरू झालं, कोळसा बंद होणार. आज होणार, उद्या होणार. हवा खराब होते, समुद्र वर येतो, ते सगळं खरंच असणार, राख मी पुसलेली आहे. मला वाईट वाटायचं ते मुलाकडे बघून. शेवटचं जहाज येऊन गेलं आणि मग माझ्या खिडकीतून तो काळा डोंगर दिवसेंदिवस खाली बसायला लागला. मुलगाही तसाच. जेवताना बोलायचा नाही. त्याला तिथल्या लोकांनी सांगितलं होतं, समुद्रातल्या पवनचक्क्यांचं काम शिकून घे, ठेवून घेऊ. सून म्हणायची, "घे की ते काम. वारा काय कमी आहे का इथे? कपडे वाळत घातले की शेजारच्या शेतात सापडतात."

तो म्हणायचा, "त्यात बॉयलर नाही."

"बॉयलर नाही तर नाही. बायको आहे, मुलगी आहे."

तो ताटाकडे बघत बसायचा. मी आणखी एक पोळी वाढायची. मला दुसरं काय येतं?

त्या दिवशी दुपार कलली आणि मी तांदूळ धुतले. बाहेर बघितलं तर धूर नाही. थोडा वेळ थांबले, कधी ढगात कळत नाही. पण ढग नव्हते. दोन्ही चिमण्या नुसत्या उभ्या. मी म्हटलं, गेलं बाई युनिट. कुकर तसाच ठेवला, गॅस बंद केला आणि इतक्या वर्षांची सवय, पायांनी आपोआप मला दारात नेलं.

दारात उभी राहून मी दोन्हीकडे बघितलं. कुणी बाहेर येईना. येणार कोण? ओळीने घरं आहेत, पण माणसं कामावर. फक्त शेजारची म्हातारी कचऱ्याचा डबा आत नेत होती. माझ्याच वयाची आहे ती, पण मी तिला म्हातारी म्हणते, ती मला काय म्हणते देव जाणे. तिचा नवरा ह्याच पॉवर हाउसात कोळशाच्या यार्डात होता, आता तो हयात नाही. तिचं इंग्रजी मला निम्मं कळतं आणि माझं तिला निम्मं. मी चिमणीकडे बोट दाखवलं. ती तिथेच थांबली, डबा हातात, आणि म्हणाली, "झालं. संपलं म्हणायचं आता." आणि मग हनुवटीने कोपऱ्याकडे खूण केली.

कोपऱ्यावर भिंतीला लागून आमची गाडी उभी होती. आत मुलगा बसलेला.

मी सपाता घालून तशीच गेले. काचेवर टकटक केलं. त्याने दार उघडलं, मी शेजारी बसले. त्याच्या मांडीवर डबा, सकाळी मी दिला तसाच, कडी लावलेली.

"काय करून राहिला इथे?" मी विचारलं. घाबरले की माझी नागपुरी बाहेर येते.

"बसलोय."

"युनिट गेलं ना? मी भात नाही लावला."

तो माझ्याकडे बघून हसला. असा हसला की मला नको वाटलं. म्हणाला, "गेलं नाही आई. बंद केलं. आम्हीच केलं. आता कोळशावर नाही चालणार. फार तर कधी गरज लागली तर तेलावर थोडं."

"आज? मग मला सकाळी सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय केलं असतंस? शिरा?"

शिरा केलाही असता कदाचित. मग त्याने सांगितलं की सगळे कंट्रोल रूममध्ये जमले होते, जुने निवृत्त झालेलेही आले होते, भाषण झालं, चहा, सँडविच, फोटो. मग लोक घरी जायला लागले. "सगळे म्हणत होते, ग्रँड, ग्रँड, इट्स ग्रँड, म्हणजे सगळं ठीक आहे. आणि कुणीच गाडी सुरू करत नव्हतं. मी इथपर्यंत आलो, पण घरात येऊन सांगायचं कसं ते कळेना. इतक्या लवकर कधी आलो नाही ना मी."

मी त्याच्या मांडीवरचा डबा घेतला आणि उघडला. पोळी, मेथीची भाजी, मिरचीचं लोणचं. म्हटलं, "सँडविचने पोट भरलं नसेल." आम्ही दोघं गाडीतच जेवलो. एका डब्यात. काचा आतून धूसर झाल्या, बाहेरचं काही दिसेना, चिमणी नाही, गाई नाहीत. लहानपणी पाळीला गेलेल्या बापाचा डबा परत आला की हा त्यातला उरलेला घास खायचा, ते मला आठवलं.

आणि तिथेच, लोणच्याचं बोट चाटत, तो म्हणाला, "आई, जपानला जायचं का?"

मला वाटलं फिरायला. मी म्हटलं, "माझे गुडघे बघ आधी."

"फिरायला नाही. कामाला. बॉयलर दुरुस्त करणारी एक कंपनी आहे, ती मला तिकडे पाठवतेय. किनाऱ्यावरचं पॉवर हाउस आहे, कोळशाचं. दोन-तीन वर्षं."

"आणि हिचं काय? पोरीचं?"

"त्या इथेच राहतील. हिची नोकरी आहे, तिची शाळा आहे. तू ये माझ्याबरोबर. पाहुणी म्हणून येता येतं, तीन महिने राहायचं, मग इकडे यायचं, परत तिकडे." आणि मग हळूच म्हणाला, "एकट्याला जेवण जात नाही गं मला."

आता ह्याला काय म्हणणार? मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हटलं, "घरी चल आधी. हात धू."

सुनेला त्याने रात्रीच्या जेवणाला सांगितलं. तिने आधी वरण वाढलं, मीठ दिलं, मग चमचा खाली ठेवून म्हणाली, "तू जा. मी अडवत नाही, तुझा चेहरा मला रोज बघावा लागतो. पण आईंना कशाला? आईंनी काय तुझ्या डब्याचा ठेका घेतलाय?"

"तिला आवडेल म्हणून."

"विचारलंस?"

"विचारलं."

"मग काय म्हणाल्या?"

दोघं माझ्याकडे बघायला लागले. नातही. मी म्हटलं, "बघू." बघू म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बघू म्हणजे होच. मी आजवर ज्याला ज्याला बघू म्हटलं, ते ते झालेलं आहे.

नात म्हणाली, "आजी, यू डोन्ट हॅव टू गो, यू नो." तिच्या बापाने तिच्याकडे बघितलं, तशी ती पाण्याचा ग्लास तोंडाला लावून बसली.

त्यानंतरचे दिवस असेच गेले. मुलगा एकदम हलका झाला होता. फोनवर मला जपानचं ते पॉवर हाउस दाखवायचा. खरं सांगते, सुंदर होतं. निळा समुद्र, काठाने पाइनची झाडं एका ओळीत लावलेली, समुद्राच्या बाजूला उंच भिंत, लाटेपासून वाचायला. कोळसा कुठे दिसतच नव्हता, सगळा झाकलेल्या नळकांड्यांतून आत जाणारा. आणि चिमणी, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. अगदी आमच्या विदर्भातल्यासारखी.

"बघ आई, तुझी चिमणी."

मी म्हटलं, "बायका कपडे कुठे वाळत घालतात?"

"काय?"

"कुठे एक दोरी दिसेना. कॉलनी कुठे आहे?"

"कॉलनी नसते गं तिथे. मला फ्लॅट देतील, गावात. लोक गाडीने येतात, गाडीने जातात."

म्हणजे तो सकाळी जाणार आणि मी दिवसभर फ्लॅटमध्ये. दारात आले तर समोर बंद दार. कॉलनीत निदान शेजारच्या वहिनी होत्या. इथे निदान म्हातारी आहे. तिथे मी कुणाला विचारणार, तुमचे आत आहेत का म्हणून? मी रात्री अंथरुणावर पडायची आणि मनातल्या मनात बॅग भरायची. मसाल्याचे डबे, गुडघ्याचा पट्टा, गोळ्या. तीन महिन्यांनी पुन्हा भरायची. पुन्हा विमान, पुन्हा रांगेत बूट काढा, बांगड्या काढा. भरताभरताच माझे हात दुखायला लागायचे. सकाळी उठले की अंग असं, जणू सामान खरंच उचललंय.

मी म्हातारीकडे गेले. तिच्याकडे चहा म्हणजे दूध घातलेला काळाकुट्ट चहा आणि कोरडा केक. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी तिला सगळं सांगितलं. जपान, पॉवर हाउस, मुलगा, मी. तिला वाटलं असेल की आम्ही वेडे आहोत. तिची दोन मुलं ऑस्ट्रेलियात, मुलगी कॅनडात. मी विचारलं, "तू गेली असतीस का?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्याही खिडकीतून चिमण्या दिसतात. म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही, लव्ह."

मग आम्ही दोघी केक खात बसलो.

घरी येताना चार पावलांचा रस्ता, पण तोही मी थांबत थांबत आले. दम लागला म्हणून, आणि विचार करायला म्हणूनही. मला वाटायला लागलं, पोराने विचारलं तरी. जिला कुणी विचारलंही नाही ती तिथे एकटी बसलीय, आणि आपल्याला विचारलं तर आपण तोंड वाकडं करतोय. जावं. काय बिघडतं? भातच तर लावायचा आहे. अशी मी स्वतःला समजावत घरापर्यंत आले आणि दारात आल्यावर पायरी चढवेना. एकच पायरी आहे. मी भिंतीला हात धरून उभी राहिले.

रविवारी मी कोथिंबीर निवडत होते. सून हॉट प्रेसमधून कपडे काढून घड्या घालत होती. हॉट प्रेस म्हणजे इथल्या घरातलं गरम कपाट, त्यात कपडे वाळतात, बाहेर कितीही पाऊस असो. ह्या देशातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे ती. मुलगा लॅपटॉप घेऊन आला आणि समोर बसला.

"आई, तिकिटाचं बघू का आता?"

मी म्हटलं, "मी नाही येत."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. कपड्यांच्या घड्या थांबल्या.

तो म्हणाला, "बरं, आत्ता नको. थंडी संपली की ये. मी आधी जाऊन घर लावतो."

"थंडीचं नाही रे बाळा. मी दमले."

"मग आराम कर ना थोडे दिवस."

"ते दमणं नाही. तुझ्या बाबांच्या मागे तीन गावं केली, नंतर तुझ्या मागे समुद्र ओलांडला. आता पुन्हा चिमणीसमोर नवीन चूल नाही मांडवत मला. तुझ्या बाबांनी मला कधी विचारलं नाही, ट्रक दारात यायचा आणि मी भांडी बांधायला घ्यायची. तू विचारलंस. विचारलंस म्हणून सांगता आलं."

लॅपटॉप उघडाच होता, त्यावर ते पाइनच्या झाडांचं चित्र. मला वाटलं आता हा म्हणेल, मग मीही नाही जात. आणि तसं म्हटलं असतं तर मी विरघळले असते, हे मला पक्कं माहीत होतं. मी कोथिंबिरीच्या काड्या मोडत राहिले. ज्या मोडायच्या नव्हत्या त्याही मोडल्या.

शेवटी म्हणाला, "मग मी जाऊ की नको?"

"ते मला नको विचारू. मी माझं सांगितलं. तुझं तू सांग."

त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "मला जायचंय."

"मग जा."

"आणि जेवण?"

सून घडी घातलेला टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकत म्हणाली, "तुला हात आहेत ना दोन? एवढे मोठे बॉयलर उघडतोस, एक कुकर नाही झाकता येत?"

तो टॉवेलाखालून हसला. पण डोळे पुसायलाही त्याने तोच टॉवेल वापरला, आम्ही दोघींनी बघितलं आणि दोघींनी न बघितल्यासारखं केलं.

तो निघाला तेव्हा मी माझा छोटा कुकर त्याच्या बॅगेत घातला. तो म्हणाला, "जपानमध्ये भात मिळतो गं, आई." सून म्हणाली, "तांदळाच्या देशात कुकर घेऊन चाललाय. विमानतळावर काय सांगशील?" तरी तो कुकर त्याने काढला नाही. शर्ट काढले दोन आणि कुकरला जागा केली. नातीने बापाला मिठी मारली आणि इतकं भराभर इंग्रजी बोलली की मला एक शब्द कळला नाही. त्याला कळलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. गाडी कोपऱ्यावरून वळली, जिथे त्या दिवशी उभी होती तिथूनच, आणि मी घरात आले. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. सुनेने नूडल्स केल्या. मी पडून राहिले, कुणी उठवलं नाही.

आता घरात आम्ही तिघी. सून लवकर जाते, नात शाळेत. चिमण्या तशाच उभ्या आहेत, पाडायच्या की ठेवायच्या त्याचं काय चाललंय मला ठाऊक नाही. काळ्या डोंगराच्या जागी नुसती ओली काळी जमीन. आम्ही भूक लागली की जेवतो. तांदूळ धुताना नजर अजून बाहेर जाते, त्याला इलाज नाही.

एकटेपण नाही असं मी म्हणणार नाही. मुलगा तिकडे वाळला असेल का, सर्दी झाली असेल का, हे सगळं चालूच असतं. कधी वाटतं, गेले असते तर? मग पायरी चढताना गुडघा कुरकुरतो आणि मी म्हणते, बरं झालं बाई.

परवा सकाळी चहा घेत होते तर त्याचा फोन आला. इथे सकाळ म्हणजे तिकडे संध्याकाळ. तोंडावर थकवा होता, केस ओले, नुकताच आंघोळ करून आलेला. मागे छोटंसं स्वयंपाकघर, इतकं छोटं की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. ओट्यावर माझा कुकर.

"जेवलास?"

"नाही गं. दुपारपासून काही खाल्लं नाही. बाहेरून आणायचाही कंटाळा आलाय."

"खिडकी आहे का तिथे?"

"आहे."

"दाखव."

त्याने फोन फिरवला. अंधारात लांब समुद्राकडे लाल दिवे लुकलुकत होते, चिमणीवरचे. आणि त्यांच्या उजेडात, नीट बघितलं तर, वर जाणारा पांढरा पट्टा.

"धूर आहे की," मी म्हटलं.

"आहे."

"मग लाव भात."

त्याने फोन कशाला तरी टेकवून ठेवला, तिरका, मला अर्धा ओटा आणि त्याचा हात एवढंच दिसत होतं. त्याने तांदूळ काढले, जास्तच काढले, मी म्हटलं थोडे कमी कर, केले. धुतले. पाणी ओतलं आणि थांबला.

"पाणी किती?"

"बोट घाल. तांदळाच्या वर एक पेर."

त्याने बोट घातलं. बापासारखीच बोटं, जाड, नखांच्या कडेला काळं. मी चहा बाजूला ठेवून बघत बसले, झाकण नीट लागतंय की नाही.